विशेष भत्ता वाढला म्हणजे पगार वाढला का?

कुपवाड एमआयडीसीत बिडाच्या ओतकामाचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका तरुण कारखानदारांनी विचारलं आहे: "माझ्याकडे २२ कामगार आहेत. दर जानेवारीला आणि जुलैला विशेष भत्त्याचा आकडा बदलतो आणि माझं ऑर्डरचं गणित बिघडतं. किमान वेतन असं महागाईला बांधणं बरोबर आहे का? मजुरी वाढली की माल महागतो, माल महागला की पुन्हा मजुरी वाढते, याला शेवट कुठे? त्यापेक्षा सरकारने पाच वर्षांतून एकदाच काय ते वाढवावं, हे बरं नाही का? माझ्या खर्चात १०० रुपयांमागे साधारण १२ रुपये मजुरीचे आहेत."

मी सांगलीत गेली २८ वर्षं कामगार कायद्याचं काम करतो. पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याचे) भरणे, कामगार अधिकाऱ्यांसमोरच्या तारखा, हेच माझं रोजचं काम. माझी बहुतेक अशिलं तुमच्यासारखीच आहेत, वीस-पंचवीस माणसांची. त्यामुळे तुमची अडचण मला कागदावरून नाही, रोजच्या फोनांवरून माहीत आहे. तरीही माझं उत्तर असं की किमान वेतन महागाईला बांधलेलंच असलं पाहिजे, आणि ते तुमच्याही फायद्याचं आहे. या पद्धतीत खोट आहे, पण ती तुम्ही म्हणता त्या जागी नाही.

आधी जानेवारी-जुलैला वाढतं ते काय, हे बघू. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमापासून किमान वेतनाचे दोन भाग चालत आले आहेत: मूळ दर आणि राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा भत्ता. या दुसऱ्या भागाला महाराष्ट्रात विशेष भत्ता म्हणतात. सिमल्याचं कामगार ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. मागच्या सहा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी घेतात. मूळ दर ठरला त्या वेळच्या निर्देशांकापेक्षा ती जितके अंक वर गेली असेल, त्या अंकांना ठरलेल्या रुपयांनी गुणतात. येईल तो आकडा कामगार आयुक्तांच्या परिपत्रकात छापून येतो. मूळ दर नव्याने ठरतो तेव्हा जुना विशेष भत्ता त्यात विरघळतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

म्हणजे विशेष भत्ता ही पगारवाढ नाही. मूळ दर ठरला त्या दिवशी कामगाराच्या घरात त्या पैशांत जेवढं तेल, डाळ, गॅस आणि एसटीचं तिकीट येत होतं, तेवढंच आजही यावं यासाठीची ती भरपाई आहे. बरं, तीही उशिरा येते. जुलै ते डिसेंबरमध्ये भाव चढले तर त्याची भरपाई जानेवारीपासूनच्या पगारात धरली जाते. डिसेंबरचा निर्देशांक जानेवारीच्या शेवटी जाहीर होतो, परिपत्रक बहुतेक वेळा फेब्रुवारी उजाडल्यावर हातात येतं आणि फरकाची रक्कम त्यानंतर निघते. जानेवारीपासूनचा फरक मिळतो, पण मागच्या जुलै ते डिसेंबरमध्ये कामगाराने जादा भावाने किराणा भरला, ती तूट कधीच भरून निघत नाही. भाव चढते असताना कामगार कायम सहा महिने मागे चालतो. तुमच्या मनात "मी दर सहा महिन्यांनी जास्त देतो" असं आहे. हिशेब मांडला तर कामगार सहा महिने आधीच पदरचे घालून बसलेला असतो.

आता मजुरी आणि महागाईच्या चक्राबद्दल. तुमचाच आकडा घेऊ. समजा किमान वेतन सगळं मिळून १४,००० रुपये आहे आणि या खेपेला विशेष भत्ता ३०० रुपयांनी वाढला. ही वाढ दोन टक्क्यांहून जराशी जास्त झाली. १०० रुपयांतल्या १२ रुपयांवर ती धरली तर तुमचा खर्च साधारण २६ पैशांनी वाढतो. हे २६ पैसे खरे आहेत, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण स्क्रॅप, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि विजेच्या बिलातला चढउतार यांच्याशेजारी ते ठेवून बघा. महावितरणच्या बिलात इंधन समायोजन आकार येतो तेव्हा तो भरावाच लागतो, त्यावर वाद घालता येत नाही. स्क्रॅपच्या भावाचंही तसंच. आणि तुमचं गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं असेल, तर कच्च्या मालाचा भाव ठरावीक मुदतीने बदलून मिळण्याचं कलम तुमच्या दरपत्रात आधीच असणार. लोखंडाचा भाव निर्देशांकाला बांधून घेणं आपल्याला व्यवहार वाटतं, तर ते लोखंड ओतणाऱ्या माणसाचा भाव बांधणं वेगळं का वाटावं?

शिवाय विशेष भत्ता महागाईच्या मागून येतो, पुढे धावत नाही. तेलबिया कमी पिकल्या, आयातीचं खाद्यतेल महागलं, डिझेल वाढलं, ही कारणं कुपवाडच्या पगारपत्रकातून निघत नाहीत. हिवाळ्यात भाजी उतरली की निर्देशांकही काही महिने खाली येतो. सगळ्या देशाची सगळी मजुरी शंभर टक्के आणि लगेच निर्देशांकाला बांधली, तर चक्राची भीती खरी ठरू शकेल. आपण बोलतोय ते फक्त सगळ्यात तळाच्या पगाराबद्दल.

पाच वर्षांतून एकदाच वाढवा, या तुमच्या सूचनेवर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण हा प्रयोग आपल्या राज्यात होऊन गेलेला आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे.

वि. स. पागे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मागेल त्याला काम द्यायची त्यांची कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिचा राज्यभर विस्तार झाला आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मातीकामाच्या, बंडिंगच्या कामांवर आमच्या आधीच्या पिढीतली किती माणसं जगली हे सांगली-साताऱ्याच्या पूर्वभागात कोणत्याही घरी विचारा. रोजगार हमीवरची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाला जोडलेली होती, पण ते किमान वेतन भावांबरोबर आपोआप हलत नव्हतं. ते वर्षानुवर्षं साचलं आणि १९८८ मध्ये एकदम जवळजवळ दुप्पट झालं. मजुरांच्या बाजूने पाहिलं तर न्याय झाला. पण योजनेच्या पैशाचं गणित एका फटक्यात बदललं आणि पुढच्या काळात कामावरची हजेरी झपाट्याने घसरली. नवी कामं निघणं कमी झालं. अर्थशास्त्रज्ञांनी या घटनेचा अभ्यास केला तेव्हा प्रश्न पडला तो हाच, की मागेल त्याला काम ही हमी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली का. जी वाढ थोडी थोडी करत काही वर्षांत पचली असती, ती एका दिवशी आली आणि तिची किंमत काम न मिळालेल्या बायकांनी मोजली.

दुसरं उदाहरण माझ्या रोजच्या कामातलं आहे. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी २०१० मध्ये परिमंडळ १ मधल्या, म्हणजे मोठ्या शहरांच्या भागातल्या, अकुशल कामगाराचा मूळ दर महिना ५,००० रुपये ठरला होता. पुढचा दर लागू झाला तो जुलै २०१९ मध्ये, १०,०२१ रुपये. कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरविचार करायचं बंधन असताना मध्ये नऊ वर्षं गेली. आता कल्पना करा, या नऊ वर्षांत विशेष भत्ता नसता तर? लक्ष्मी रोडवरच्या किंवा गणपती पेठेतल्या कापड दुकानदाराला एका महिन्यात पगार दुप्पट करावा लागला असता. तसं झालं नाही, कारण मधल्या काळात विशेष भत्ता सहा-सहा महिन्यांनी चढत गेला होता. नवा दर आला तेव्हा तो भत्ता मूळ पगारात मिसळला आणि मालकाच्या खिशावर पडला तो फक्त उरलेल्या फरकाचा भार. तुम्हाला ज्याचा त्रास वाटतो, त्यानेच तुमच्या शेजाऱ्यांना २०१९ मध्ये सावरलं.

अमेरिकेतही हा फरक दिसतो. तिथलं केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ मध्ये ताशी ७.२५ डॉलर झालं आणि नंतरची १५ वर्षं एका सेंटनेही हललं नाही, कारण दर वेळी संसदेत नव्याने भांडावं लागतं. त्याच देशातल्या वॉशिंग्टन राज्यात १९९८ मध्ये मतदारांनी किमान वेतन निर्देशांकाला बांधायचा कौल दिला आणि २००१ पासून तिथे ते दर वर्षी हलतं. फ्रान्समध्ये गरिबातल्या गरीब २० टक्के कुटुंबांच्या खर्चावरचा निर्देशांक २ टक्के चढला, की वर्षाअखेरीची वाट न बघता किमान वेतन वाढवतात. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरचा सल्लावजा तळाचा दर २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये होता, २०१९ मध्ये १७८ झाला. दोन वर्षांत दोन रुपये. जो आकडा कशालाच बांधलेला नसतो त्याचं असं होतं.

इथपर्यंत मी पद्धतीची बाजू मांडली. आता खोट कुठे आहे ते सांगतो, आणि त्यासाठी एक प्रसंग.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा, कामगार संध्याकाळी माझ्याकडे आला. दिवसभर ग्राइंडर चालवून हाताला कंप सुटलेला असतो, तसा त्याच्या हाताला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने दोन पगारचिठ्ठ्या काढल्या, डिसेंबरची आणि जानेवारीची, आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. "साहेब, परिपत्रक आलंय म्हणतात. महागाई वाढली म्हणून पैसे वाढले म्हणतात. मग माझ्या हातात ३७ रुपये कमी कसे आले?"

मी दोन्ही चिठ्ठ्या ओळीने वाचल्या. मूळ वेतन तेच होतं. विशेष भत्ता ३१२ रुपयांनी वाढलेला. त्याच्या खालची ओळ "इतर भत्ता", ती बरोबर ३१२ रुपयांनी कमी झालेली. बेरीज जिथल्या तिथे. पण पीएफ मूळ वेतन आणि विशेष भत्त्यावर कापत होते, इतर भत्त्यावर नाही. त्यामुळे ३१२ रुपये एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेल्याबरोबर १२ टक्क्यांनी ३७ रुपये जास्त कापले गेले. ते ३७ रुपये त्याच्याच पीएफ खात्यात जमा झाले आणि मालकालाही तेवढेच घालावे लागले, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हातारपणी मिळतील हो. पण किराणावाला आत्ता मागतोय."

हे कायद्यात बसतं का? उत्तर अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एअरफ्रेट विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितलं की किमान वेतन एकत्रित बघायचं. मालक एकूण पगार किमान वेतनापेक्षा जास्त देत असेल तर त्याने महागाई भत्ता वेगळा द्यायलाच हवा असं नाही. त्या आधाराने ही उलटापालट सर्रास होते. पण आधीपासून चालू असलेला भत्ता परस्पर कापणं हा सेवाशर्तींतला बदल आहे. कामगाराला जाचक ठरेल असा बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती त्या कारखान्यात कोणी दिलेली नव्हती. पत्र गेल्यावर इतर भत्ता पूर्ववत झाला.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की महागाईशी जोडणी कागदावर पक्की असते, पण ती पगारचिठ्ठीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतेच असं नाही. किमान वेतनापेक्षा हजार-दीड हजार जास्त देणारे चांगले मालकही कळत-नकळत हे करतात. दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता चढतो, वरचा भत्ता खाली येतो, आणि चार-पाच वर्षांत सगळ्यांचा पगार किमान वेतनाच्या रेषेला येऊन चिकटतो. तुमच्याकडे असं होतंय का, हे तुमच्या गेल्या सहा जानेवारींची पगारपत्रकं एका ओळीत ठेवून बघा. मी स्वतः सगळ्या अशिलांना हे करायला लावतो.

दुसरी खोट कुशल कामगाराच्या बाबतीत आहे आणि तुमच्यासारख्या फौंड्रीवाल्यांना ती जास्त जाचते. विशेष भत्ता टक्क्यांत नसतो, रुपयांत असतो, आणि बहुतेक ठिकाणी कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळ्यांना सारखाच असतो. दुकानांच्या २०१९ च्या दरांत परिमंडळ १ मध्ये कुशलाला ११,६३२ आणि अकुशलाला १०,०२१ रुपये मूळ वेतन आहे. फरक १,६११ रुपयांचा. भत्ता शून्य असताना कुशल कामगार १६ टक्के वर होता. भत्ता समजा ३,००० झाला, की एकाचे १४,६३२ आणि दुसऱ्याचे १३,०२१. फरक तोच १,६११, पण आता साडेबारा टक्के सुद्धा उरला नाही. आणि त्या १,६११ रुपयांत २०१९ मध्ये जेवढं येत होतं तेवढंही आता येत नाही. अकुशलाला रुपयांत सारखी वाढ देणं मला मान्य आहे, भुकेची भरपाई सगळ्यांना सारखीच हवी. पण वाळू हातात धरल्यावर तिच्यातला ओलावा ओळखणारा, साचे बनवणारा मोल्डर पाच वर्षांत झाडलोटीच्या पगाराजवळ येऊन पोचतो, आणि मग तो कोल्हापूरला नाहीतर चाकणला निघून जातो. तेव्हा आपण म्हणतो, माणसं टिकत नाहीत. माझं मत असं की कुशल श्रेणीला निदान काही भाग टक्क्यांत मिळायला हवा. सरकार करील तेव्हा करील. तुम्ही तुमच्या दोन-तीन मोल्डरांसाठी आजही करू शकता.

तिसरी गोष्ट निर्देशांकाची. तो आकाशातून पडत नाही, माणसं बाजारात जाऊन भाव लिहितात आणि ठरलेल्या वजनांनी बेरीज करतात. ही वजनंही कालांतराने बदलतात. २००१ च्या मालिकेत (त्या वर्षीचे भाव १०० धरून काढलेल्या) खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्क्यांच्या वर होतं, २०१६ च्या मालिकेत ते ३९ च्या आसपास आलं. देशातल्या ८८ केंद्रांतून भाव गोळा होतात. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर आहेत. सांगली आणि सातारा नाहीत. मिरजेच्या भाजी मंडईत वांगं काय भावाने गेलं हे त्या आकड्याला कळत नाही. घरभाड्याचा आकडा तर वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. शिरवळ-खंडाळ्याकडे पुण्याचे कारखाने सरकत आले तशी तिथली भाडी पुण्याच्या बाजूला झुकली, पण परिमंडळं नगरपालिका-महापालिकांच्या हद्दींवर आखलेली आहेत, भाड्यावर नाही.

यात चूक झाली तर दाद मागता येते, आणि ती महाराष्ट्रातच मागितली गेली आहे. १९६३ मध्ये मुंबईच्या निर्देशांकात खरी महागाई दिसत नाही म्हणून कामगार संघटना रस्त्यावर आल्या. राज्य सरकारने लकडावाला समिती नेमली आणि समितीने निर्देशांक कमी दाखवला जात असल्याचं मान्य केलं. महागाई भत्त्याचे पैसे त्या आकड्यावर ठरत होते, म्हणून गिरणीतल्या माणसाने आकडेवारी वाचायला शिकून घेतली. ही परंपरा आपण विसरता कामा नये.

निर्देशांकाचाच एक घोळ सांगून पुढे जातो. सप्टेंबर २०२० पासून पायाभूत वर्ष २००१ ऐवजी २०१६ झालं. आधी तीनशेच्या वर असलेला आकडा एकदम ११८.१ वर आला. मला त्या आठवड्यात किती फोन आले सांगता येत नाही: "निर्देशांक कोसळला, आता भत्ता कमी करायचा ना?" काहीही कोसळलं नव्हतं. नव्या आकड्याला २.८८ ने गुणलं की जुना आकडा मिळतो, ११८.१ चे ३४० होतात. तुमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा गुणक कुठे बसवलाय ते कधीतरी तपासून घ्या.

आणि ज्यावर फारसं कोणी बोलत नाही ते आता. आपण पगार महागाईला बांधला, पण पगारावर अवलंबून असलेल्या मर्यादा बांधल्या नाहीत. पीएफची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत तो सक्तीचा असतो ती, सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० झाली आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिली. ईएसआयची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० झाली, तीही पुढची आठ वर्षं हलली नाही. तेवढ्या काळात विशेष भत्ता सोळा वेळा नव्याने मोजला गेला. होतं काय, की चांगला मोल्डर किंवा भट्टीवाला हळूहळू २१,००० च्या पलीकडे जातो आणि ज्या वर्षी त्याच्या आईचं ऑपरेशन निघतं, त्याच वर्षी त्याचं ईएसआय कार्ड चालत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी हात जोडून सांगितलं, "माझा पगार दोनशेने कमी दाखवा, पण कार्ड राहू द्या." पगार वाढल्याचा असा धाक बसणं फार वाईट आहे. महागाईशी जोडणी करायची तर मर्यादांचीही झाली पाहिजे, हे मी प्रत्येक व्यासपीठावर बोलतो आणि बोलत राहीन.

मूळ दराबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. विशेष भत्ता फक्त जुनं ताट राखतो. त्या ताटात काय असावं हे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं: कमावत्या माणसामागे तीन एककांचं (तीन मोठ्या माणसांच्या खाण्याएवढं) कुटुंब, मोठ्या माणसामागे रोज २,७०० उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, भाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. तेव्हा कोणाच्या हातात मोबाइल नव्हता आणि शिकवणीचा खर्च हा वेगळा खर्च नव्हता. हे ताट नव्याने मांडायचं काम ठरलेल्या पाच वर्षांत, तारखेला झालं पाहिजे. ते नऊ वर्षं लांबलं की कामगार आणि मालक दोघेही गोंधळतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यातही पाच वर्षांची मुदत आणि राहणीमानाप्रमाणे बदलणारा भत्ता हे दोन्ही आहेत, आणि आता ठरावीक अनुसूचीतल्या (सरकारी यादीतल्या) उद्योगांपुरतंच किमान वेतन ही अट राहिलेली नाही. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये निवडायला बसणाऱ्या बाईचा रोज आजवर परिपत्रकाने ठरला नाही. शेजारच्या गावात द्राक्षाचा हंगाम लागला आणि बायका मिळेनाशा झाल्या की तो ठरतो. तिच्यापर्यंत सहामाही भत्ता न्यायचं काम अजून सुरूही झालेलं नाही.

तुमच्यापुरतं काय करायचं ते आता सांगतो. गिऱ्हाइकाला पुढचं दरपत्र द्याल तेव्हा कच्च्या मालाच्या कलमाखाली एक ओळ मजुरीची घाला: कामगार आयुक्तांच्या परिपत्रकाप्रमाणे विशेष भत्ता बदलल्यास त्या प्रमाणात दर बदलेल. माझ्या दोन अशिलांनी ही ओळ घातली आणि गिऱ्हाइकांनी, थोडी खळखळ करून का होईना, मान्य केली, कारण १०० रुपयांमागचे २६ पैसे सिद्ध करायला परिपत्रकाचा कागद पुरतो. ऑर्डर वर्षभराची असेल आणि कलम मिळत नसेल, तर मागच्या चार सहामाह्यांत भत्ता सरासरी किती वाढला ते काढून तेवढी वाढ भावात आधीच धरा. ठेकेदारामार्फत माणसं घेत असाल तर त्याच्या करारातही हेच कलम हवं. नाहीतर तो जुन्याच दरात नवा भत्ता द्यायचा म्हणून माणसं कमी दाखवतो किंवा हजेरी कापतो, आणि कायद्याने मूळ मालक म्हणून जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते. परिपत्रक यायला उशीर झाला तर जानेवारी आणि जुलैच्या पगारातच अंदाजे उचल देऊन टाका, फरकाच्या वेळी वळती करून घ्या. किराणा दर महिन्याला भरावा लागतो, तो फरकाची वाट बघत थांबत नाही.

आणि तुमच्या पगारपत्रकात "इतर भत्ता" नावाची ओळ असेल, तर येत्या सहामाहीला तिला हात लावू नका.